फास्ट लॅपटॉपवरचा नॅपकिन

ऐकण्याआधी हातातला चहा संपवून घ्या बरं. नंतर नाकात गेला तर मी जबाबदार नाही. फजिती मोठी आहे आणि ती दुसऱ्या कुणाची असती तर मी अजून रंगवून सांगितली असती. माझीच आहे. आजही आठवली की कान गरम होतात!

तुम्ही मला ओळखताच. शेलूबाजारचा वसंता गुरुजी. शाळेत गणित शिकवतो, पण तालुक्यात नाव आहे ते सूत्रसंचालनासाठी. कुणाचा साखरपुडा असो, कुणी रिटायर होवो, नाही तर नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, माईक माझ्याच हातात! लोक विचारतात, "गुरुजी, तुमाले ऐनवेळी सुचते कसं?" मी नुसता हसतो. काय सांगणार? चार दिवस आधीपासून घरात येरझाऱ्या घालत पाठ करतो, हे का सांगायची गोष्ट आहे?

तर माझा लॅपटॉप. काय त्याचा थाट होता! सकाळी बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं. आंघोळ झाली, पूजा झाली, दूध आणलं, येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल गोल फिरणं सुरूच. आत कुठेतरी करकर आवाज. पंखा असा घोंघावायचा की माझी बायको कल्पना स्वयंपाकघरातून ओरडायची, "अजी, मिक्सर कोनं लावलं?"

शेवटी घरात एक नियमच पडून गेला. लॅपटॉप उघडत असताना त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की अडकतो! हसू नका. मी गणिताचा मास्तर आहे, पण हे मी स्वतः आजमावून पाहिलेलं आहे. म्हणून बटण दाबलं की वरून एक नॅपकिन टाकायचा, आणि आपापल्या कामाला लागायचं. ऑनलाइन मीटिंग असली तर लिंकवर अर्धा तास आधी टिचकी मारायची. तेव्हा कुठे वेळेवर माणसं दिसायची. याचा दोष मात्र मी कधी लॅपटॉपला दिला नाही. "शेलूले रेंजच नाई ना बावा!" असं म्हणून वर्षानुवर्षं मी त्या गरीब टॉवरला शिव्या घातल्या.

अशात आमच्या स्नेहलला स्थळ आलं.

स्नेहल म्हणजे माझी भाची. धनजच्या मंदाताईची, माझ्या मोठ्या बहिणीची पोरगी. कृषी सहाय्यक आहे. स्वतः अभ्यास करून लागलेली. स्कूटीवर गावोगाव फिरते, सोयाबीनवर अळी पडली की बांधावर उभी राहून म्हाताऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना रागावते, आणि ते ऐकतात! मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. माणसं अकोटकडची, पण आईवडील आणि आजी सध्या त्याच्याकडेच होते. त्याला सुट्टी मिळेना. म्हणून ठरलं, पहिलं बघणं लॅपटॉपवरच उरकू. रविवारी सकाळी अकरा वाजता, माझ्या घरी. मुलीकडून बोलणार कोण? अर्थात मामा!

आता अशा वेळी लॅपटॉप अडकला तर? भर बैठकीत माझं तोंड उघडं ठेवून चित्र थांबलं तर? मी तो काखेत मारला आणि मंगरूळपीरला इरफानभाईच्या दुकानात गेलो.

त्यानं दोन मिनिटं कान लावून ऐकलं. म्हणाला, "गुरुजी, लॅपटॉप बुढ्ढा नही हुआ. इसकी हार्ड डिस्क थक गई है. एसएसडी डाल देते."

त्यानं खणातून एक मेलेली, उघडलेली हार्ड डिस्क काढून दाखवली. आत आरशासारखी चकती आणि तिच्यावर एक बारीक दांडी. ती चकती गरगर फिरणार, ती दांडी सरकत सरकत आपली फाईल शोधणार. तेव्हा कुठे आपल्याला दिसणार! मग त्यानं नवी एसएसडी माझ्या तळहातावर ठेवली. पत्त्यांच्या कॅटपेक्षाही पातळ. वजन म्हणाल तर नाहीच. मी कानाजवळ नेऊन हलवून पाहिली. चिडीचूप.

"इरफानभाई, याच्यात फिरते काय?"

"कुछ नही फिरता."

"मंग चालते कशी?"

"बस, बिजली से. सब अंदर बैठेला है. मांगा, के दिया."

मी त्या चपट्या डबीकडे बघतच राहिलो. माझी पंचवीस वर्षांची शाळा, सगळे निकाल, सगळी भाषणं, सगळे फोटो त्या न हलणाऱ्या डबीत जाऊन बसणार होते. दुपारभर जुन्यातलं सगळं नव्यात उतरत होतं आणि मी स्टुलावर बसून होतो. चहा आला तरी लक्ष नव्हतं.

मग इरफानभाईनं झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि म्हणाला, "दबाव बटन."

मी दाबलं. सवयीप्रमाणे नजर दुसरीकडे वळवली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, डोळ्याला लावला. बघतो तर लॅपटॉप उघडलेला!

"आधीच चालू करून ठेवला व्हता ना तुमी?"

"गुरुजी, बटन तो आपनेच दबाया."

बंद करायला लावला. परत दाबलं. परत तेच! पाच वेळा केलं हो मी. पाचव्यांदा अंगावर काटा आला. आगगाडीच्या वेगाची गणितं मी जन्मभर शिकवत आलो, पण वेग म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर कळलं. खरं सांगतो, हात आपोआप जोडले गेले. इरफानभाई म्हणाला, "मेरे को नही, उसको जोडो."

पुढचे चार दिवस आमच्या घरी येईल त्याला मी लॅपटॉप बंद करून चालू करून दाखवत होतो. दूधवाला, शेजारचे काका, गॅस सिलिंडर आणणारा. सगळे "अबब!" म्हणायचे. कल्पना म्हणाली, "आता जाईन त्याचं बटन, सतरा वेळा दाबू दाबू!"

आला रविवार.

मंदाताई आणि स्नेहल सकाळीच आल्या. कल्पनानं दिवाणावर नवी चादर अंथरली. मी लॅपटॉप टेबलावर मांडला आणि बरोबर साडेदहाला मीटिंगच्या लिंकवर टिचकी मारली.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, साडेदहाला काहून? अकराला होती ना? अहो, इथेच तर माझं डोकं चाललं! लॅपटॉप फास्ट झाला हे खरं, पण मीटिंग तर रेंजवर चालते, आणि शेलूला रेंज नाही. म्हणजे तिला अर्धा तास लागणारच. आहे की नाही गणित बरोबर? टिचकी मारली, कल्पना झाडत होती म्हणून धूळ बसू नये असा वरून नॅपकिन टाकला, "कोनी तिकडे पाहू नोका, पाह्यलं का अडकते!" असं सगळ्यांना बजावलं आणि नियमाप्रमाणे पाठ फिरवली.

मग मी भाषणाला लागलो.

"सन्माननीय पाहुणे, आज मी काहीही ठरवून आलेलो नाही. हृदयातून येईल तेच बोलणार आहे..." येरझाऱ्या सुरू. "आमच्या घराण्यात लेक म्हणजे देव्हाऱ्यातली समई..." इथे गळा दाटून आणायचा आणि रुमाल काढायचा.

कल्पना कोपऱ्यातून म्हणाली, "अजी, रडाले जराशीक टाइम लावा. समई म्हनल्याबरोबर रडले तं खोटं वाटते."

"बरं. 'समई' नंतर तीन आकडे मोजतो."

"अन् रुमाल तो पिवळा डाग पडलेला नोका घेऊ."

असं मी चार वेळा म्हटलं. रडलोही चार वेळा. तिसऱ्यांदा तर इतकं छान जमलं की मंदाताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात स्नेहल समोर येऊन उभी राहिली. साडी नेसलेली, पण चेहरा बांधावर शेतकऱ्याला रागावतानाचा.

"मामा, तुमी माह्या नोकरीचं बोलले नाई त्याच्यात."

"त्याच्यात काय बोलाचं?"

"मी नोकरी सोडनार नाई. बदली मांगीन, मिळाली तं जाईन, नाई मिळाली तं इथंच राहीन. हे आजच सांगा त्याइले. मंग पटो की नाई पटो. पन लपवून मले लगन करायचं नाई."

मी छातीवर हात ठेवला. "मामा आहो मी तुहा. पयले तेच सांगतो."

ती पोर समाधानानं आत पिना लावायला गेली. आणि मंदाताईनं माझा हात धरला. "वसंता, बावा, आज नोको काढू ते. चांगलं स्थळ आहे. जमू दे, मंग पाहू."

आता मी काय करावं? एकीकडे भाची, एकीकडे बहीण. मी डोळा मिचकावला आणि म्हणालो, "ताई, तू फिकर नोको करू. मी असा खुबीनं टाळतो का तिलेबी समजनार नाई. सूत्रसंचालक आहो मी!"

अकराला एक मिनिट कमी. सगळे दिवाणावर बसलो. मी नॅपकिन उचलला. आहाहा! चौघंही पडद्यावर हजर. मनात म्हटलं, वा रे एसएसडी, काय वेळ साधली! शाळेत लॅपटॉप मध्येच ओरडू नये म्हणून मी आवाज शून्यावर ठेवत असे, तो वाढवला.

"नमस्कार, नमस्कार! आत्ताच आले वाटते?"

मुलाच्या वडिलांनी ओठ आवळून मान हलवली. आई तोंडाला पदर लावून बसलेली. आजीचे डोळे पाणावलेले. मी म्हटलं, माणसं भावनाप्रधान आहेत. आपलं भाषण इथे लागू पडणार!

उभा राहिलो. "सन्माननीय पाहुणे, आज मी काहीही ठरवून आलेलो नाही..."

मुलाच्या वडिलांचे खांदे हलायला लागले. मी अजून रंगात आलो. "हृदयातून येईल तेच बोलणार आहे. आमच्या घराण्यात लेक म्हणजे... लेक म्हणजे..."

आणि काय झालं कोण जाणे, शब्दच गेला! चार वेळा घोटलेला शब्द! तोंड उघडं, हात वर, आणि डोक्यात काहीच नाही. कल्पना शेजारून कोपर मारतेय. इतक्यात पडद्यावरून आजीचा खणखणीत आवाज आला.

"देव्हाऱ्यातली समई म्हना! अन् आता तीन आकडे मोजा."

तिकडे एकदम हशा फुटला. मी उभ्या जागी गार!

मुलगा कसाबसा हसू आवरत म्हणाला, "मामा, सॉरी. बाबांना कुठेही अर्धा तास आधी जाऊन बसायची सवय आहे, म्हणून आम्ही साडेदहालाच आलो. तर तुम्ही लगेच जोडले गेले. आम्हाला कापड दिसत होतं आणि सगळं ऐकू येत होतं. आम्ही किती ओरडलो, 'ऐकू येतंय, ऐकू येतंय' म्हणून. पण तुमच्याकडे कुणाला ऐकूच गेलं नाही."

अर्धा तास! म्हणजे रेंज होती. पहिल्यापासून होती!

मी खाली बसणार तोच आजी पुढे सरकल्या. पडदाभर नुसत्या आजी. आता हसत नव्हत्या.

"अन् मामा, पोरीच्या नोकरीचं कवा सांगता? का बहिनीले कबूल केलं तसं खुबीनं टाळून राह्यले?"

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. बस, एवढंच. आजीनं चपलेनं मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. मला त्या क्षणी खरंच माझी लाज वाटली. तालुक्याला ऐकवत फिरणारा मी, घरच्या पोरीचं एक वाक्य मला सांगता आलं नाही. मंदाताई जमिनीकडे बघत बसली.

मग स्नेहल स्वतःच बोलली. उठली नाही, गळा दाटला नाही, रुमाल काढला नाही. म्हणाली, "आजी, मामानं नाई सांगतलं तं मी सांगतो. मी नोकरी सोडनार नाई. तुमाले चालत नसन तं आत्ताच सांगा, मी रागावनार नाई."

मुलानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी आजीकडे.

मुलगा म्हणाला, "हे मी पावणेअकरालाच ऐकलं आणि तेव्हाच आईला सांगितलं, मला मुलगी पसंत आहे. माझं काम तसंही घरूनच चालतं. मी धनजला येऊन बसेन. फक्त मामांसारखा फास्ट लॅपटॉप पाहिजे."

मंदाताईनं डोळ्याला पदर लावला. ती खरी रडत होती, आकडे न मोजता. स्नेहल हसली. कल्पना साखर आणायला पळाली. आणि मी? मी घसा खाकरून स्वतःला सावरलं. सूत्रसंचालक कसाही असला तरी समारोप सोडत नाही हो!

म्हणालो, "आजी, चुकलो मी. पण लग्नात मले दोन शब्द बोलायची संधी द्या. सगळं भरून काढतो."

आजी म्हणाल्या, "बोला ना बावा, जरूर बोला. पन ते साडेधावालं भाषण करजा, अकरावालं नोको. अन् आमी सगळे पाठ फिरवून बसतो, म्हंजे तुमी अडकनार नाई."