जनरलला हार घालायचा नाही

भिंतीवर तीनपैकी दोनच फ्रेम उरल्या होत्या. उजवीकडची गायब. पुसदच्या सभागृहात उद्घाटनाची वेळ होत आली होती. मी प्रदर्शनं उभारते. चित्र हरवलं तर जबाबदारी माझी.

सापडली ती स्टेजवर. पांढरी चादर टाकलेल्या खुर्चीवर, काचेला कुंकू लावलेली. शेजारी ताटात झेंडूचा हार.

सभागृहाच्या अध्यक्षांना विचारलं. "कार्यक्रम म्हटला का प्रतिमापूजन आलंच ना, ताई. कोनाची ठेवायची ते कोनी सांगतलंच नाही. हा मानूस रुबाबदार दिसला. मेडलं पाहा त्याचे."

रुबाबदार माणूस म्हणजे १८९४ साली चीनवर चालून गेलेला जपानी जनरल.

हे लाकडी ठशांचं चित्र. फळीवर कोरायचं, प्रत्येक रंगाला वेगळी फळी, मग कागदावर ठसा. लढाईची बातमी आली की टोकियोत अशी चित्रं भराभर छापून विकत. काढणाऱ्या बहुतेकांनी रणांगण पाहिलेलंच नव्हतं. थोडक्यात, रंगीत पत्रकं. मी चळवळीतल्या घरात पत्रकं छापत-वाटत वाढले, हे अध्यक्षांनाही ठाऊक. पत्रक कुठे खोटं बोलतं ते मला कळतं. हे चित्र तीन कागदांचं, उजवीकडून डावीकडे पाहायचं. आधी जनरल, मधे धूर, शेवटी बर्फात पडलेले चिनी सैनिक. जनरल तेवढा वेगळा काढला की मेलेल्यांचा हिशोब कुणी मागत नाही.

फ्रेम परत भिंतीवर, मेलेल्यांच्या रांगेत जाईल, असं मी सांगितलं. अध्यक्ष हसले. म्हणाले, पाहुणे फाटकाशी आलेत, थोड्या वेळानं काय बिघडते, मुडदे का पूजेत ठेवायचे? मग आवाज चढला. "तुम्हा पॉम्प्लेटवाल्यांले जिथंतिथं भांडनच दिसते. थांब, तुह्या साहेबाले फोन लावतो."

साहेब, म्हणजे प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचे प्रमुख, फोनवर शांत होते. "हे बघ, ते अध्यक्ष आहेत. तू कंत्राटावर आहेस."

"मग कंत्राट तुमच्याकडेच ठेवा, सर. अर्धं चित्र मी दाखवणार नाही."

फोन परत दिला. भिंतीवरच्या दोन्ही फ्रेम काढून स्टेजवर जनरलशेजारी क्रमाने मांडल्या. अध्यक्षांना म्हटलं, पूजा करायची तर तिन्ही कागदांची करा, नाहीतर सगळी चित्रं गाडीत भरते.

तेवढ्यात पाहुणे आलेच. घाटंजीचे निवृत्त सुभेदार. सवयीने त्यांनी हार उचलला, वाकले आणि तसेच थांबले. बर्फातले चेहरे पाहत राहिले.

"हे कोन?"

चिनी शिपाई, मी सांगितलं. या जनरलच्या फौजेनं मारलेले.

त्यांनी हार ताटात ठेवला. "दिवा लावा. हाराचं राहू द्या."

अध्यक्षांनी काडेपेटी पुढे केली.

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे चाललं, तिन्ही कागद शेजारी-शेजारी. माझं कंत्राट मात्र वाढलं नाही. कारण दिलं: स्वभाव. बरोबर आहे, तो बदलणार नव्हताच. आता कामं मी स्वतःच घेते. फ्रेम हुकवर टांगत नाही. भिंतीला स्क्रूने आवळते आणि स्क्रूड्रायव्हर आपल्याच खिशात ठेवते.