अप्पांचा खंजीर आणि माझी श्रद्धांजली

चहा घ्या आधी, गार होईल. कारण मी आता जे सांगणार आहे, ते ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, शंकाच आहे.

माझा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. जुने खंजीर, कट्यारी, जंबिये. मुठीवर नक्षी दिसली, म्यानाला चांदीचं टोक दिसलं, की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. एसटीत कंट्रोलर होतो तेव्हापासून एकेक जमवत आलो. आज नांदेडच्या या दोन खोल्यांत एकोणीस नग आहेत. बायको म्हणते, "घरात एकोणीस हत्यारं, अन् कांदा चिरायला एक धड सुरी न्हाई!" खोटं नाही ते.

पण ज्याच्यावरून हे एकोणीस ओवाळून टाकावेत असा विसावा नग होता दुसऱ्याच्या घरी. चाकूरला, विश्वनाथअप्पांकडं.

चाकूरच्या स्टँडसमोर अप्पांचं कापडाचं दुकान. मी त्या स्टँडवर कंट्रोलर. तिथंच दोस्ती जमली. अप्पांच्या आजोबांना निजामाच्या काळात कुण्या जहागीरदारानं खूश होऊन दिलेला खंजीर. काय सांगू! हिरव्या दगडाची मूठ, मुठीला घोड्याचं तोंड, घोड्याच्या डोळ्यांत लाल खडे. म्यानाला तांबडी मखमल. ती मखमल हाताळायला मी घरून पांढरे हातमोजे घेऊन जायचो. हसू नका.

बारा वर्षं झाली. बदली झाली, रिटायर झालो, तरी महिन्या-दोन महिन्यांनी चाकूरला चक्कर ठरलेली. जेवायचं, खंजीर मांडीवर घेऊन बसायचं, आणि निघताना विचारायचं, "अप्पा, देता का?"

अप्पा हसायचे. "माझ्या माघारी न्या, कंट्रोलर. मी हाय तवर राहू द्या."

माझ्या माघारी! ह्या दोन शब्दांवर मी बारा वर्षं काढली. अप्पांवर माझा जीव होता, देवाशपथ सांगतो. पण "अप्पा, तब्येत कशी हाय?" असं विचारताना माझ्या मनात नेमकं काय असायचं, ते त्या देवालाच माहीत.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी मी एका जंबियाच्या पात्याला तेल लावत बसलो होतो. हात तेलकट, चष्मा कपाळावर. मोबाईल वाजला. पडद्यावर एवढंच दिसलं : 'दुःखद निधन. चाकूरचे कापड व्यापारी विश्वनाथअप्पा यां…' पुढचं तिथंच तुटलं होतं.

शहाणा माणूस काय करील? बोट लावून पुढचं वाचील. मी काय केलं? बोटाकडं बघितलं. ते तेलानं माखलेलं. आणि खरं सांगू? वाचायची गरजच वाटली नाही. 'यां'च्या पुढं काय असणार? 'यांचे निधन'. झालं की!

डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, खोटं नाही. पण ते पुसायच्याही आधी मनात आलं : घरात गर्दी असेल, अन् कुणी खंजीर उचलला तर?

हात धुतले आणि अप्पांच्याच नंबरावर फोन लावला. तिकडून आवाज आला, "हालू…" रडून रडून बसलेला आवाज. मी ओळखलं, हा महेश. अप्पांचा मुलगा.

"महेश, बाळा, मी नांदेडहून कंट्रोलरकाका. कळलं रे मला. धीर धर."

"हूं."

"माणूस सोन्यासारखं होतं. त्या माणसामुळं घराला घरपण होतं."

तिकडून नुसता हुंदका.

इथं फोन ठेवावा की नाही? इथं ठेवला असता तर आज तुमच्यापुढं मान वर करून बसलो असतो. पण नाही!

"हे बघ बाळा, ही येळ न्हाई बोलायची. पण अप्पांनी मला शब्द दिल्ता. माझ्या माघारी खंजीर तुम्ही न्या म्हणून. पाव्हण्यारावळ्यांत कुणाचा हात पडायच्या आधी तेवढा बाजूला काढून ठेव. येतोच मी."

तिकडून हळूच आलं, "बरं. या."

किती समजूतदार पोरगा, म्हणत मी फोन ठेवला.

आता एवढ्यावर थांबेन तर मी कसला? चाकूर स्टँडवर नोकरी केलेल्या रिटायर लोकांचा आमचा एक ग्रुप आहे. आमच्या वयाच्या ग्रुपवर काय चालणार? सकाळी गुलाबाची फुलं, दुपारनंतर श्रद्धांजली. आणि श्रद्धांजली लिहायचं खातं माझ्याकडं. सगळे म्हणतात, कंट्रोलरसारखं लिहिणं कुणाला जमत नाही. मी अप्पांचा फोटो टाकला आणि अशी श्रद्धांजली लिहिली, अशी लिहिली, की दोघांनी रडत रडत बोलून निरोप पाठवले. स्टँडवरचा एकूण एक माणूस अप्पांच्या दुकानात चहा प्यालेला. ज्याच्या त्याच्याकडून ती पुढं गेली.

भोकरचा माधवराव, आमचा जुना ड्रायव्हर, त्या दिवशी डोळे तपासायला नांदेडलाच आला होता. वाचल्याबरोबर तो तपासणी सोडून नांदेडच्या स्टँडवर माझ्याआधी हजर. हातात फोटोला घालायचा चंदनाचा हार.

गाडीत त्यानं माझ्याकडं बघितलं. "कंट्रोलर, ही लांबडी पिशवी कामून घेतली? अन् आत फडकं बी अंथरलंय?"

"असू द्या हो. लागती कधी कधी."

लोहा गेलं, अहमदपूर गेलं, माधवराव सारखा डोळे पुसून राहिला. मी खिडकीतून तुरीची रानं बघत होतो आणि घरात खंजीर कुठल्या भिंतीला लावावा याचा हिशेब करत होतो. ऐका! मी काहीच लपवत नाही.

दुपारी चाकूरला पोचलो. अप्पांच्या घरापुढं चपलांचा ढीग. आत जाजमावर दहा-पंधरा माणसं गुमान बसलेली. माधवराव पुढं, दोन्ही हातांत हार धरून. मी मागं.

आणि समोर भिंतीला टेकून, कपाळाला विभूती लावलेले, अप्पा बसलेले.

"अयाय्याय्या! मह्या देवा!" माधवराव एवढ्या जोरात ओरडला की आतल्या बायका धावत बाहेर आल्या. हातातला हार उडाला तो नेमका अप्पांच्या गुडघ्यावर. माधवराव माझ्या अंगावर, मी दाराच्या चौकटीवर.

अशा वेळी माणसानं गप्प राहावं की नाही? माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"अप्पा… तुम्ही हाव?"

अप्पांनी हार गुडघ्यावरून उचलला, बाजूला ठेवला. म्हणाले, "हाव. हाय मी. काय करता!"

तेव्हा कुठं माझी नजर त्यांच्या मागं गेली. स्टुलावर फोटो. पुढं समई. फोटोत वहिनी.

'विश्वनाथअप्पा यांच्या पत्नी.' ते 'यां' तसं होतं तर!

मी माधवरावाशेजारी खाली बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अप्पा, सकाळी महेशशी बोलणं झालं माझं…"

"महेश हिच्या मातीच्या कामात व्हता. फोन म्याच उचलला व्हता, कंट्रोलर."

सांगा आता. जमिनीनं पोटात घ्यावं असं पुस्तकात वाचलेलं असतं. मी त्या जाजमाखाली तरी जागा मिळते का बघत होतो. ज्याची बायको काल गेली, त्या माणसाला मी सकाळी सकाळी सांगितलं होतं की तुम्ही मेलात, आता तुमचा खंजीर काढून ठेवा. आणि तो म्हणाला होता, बरं, या.

महेश दारात उभा होता. तो म्हणाला, "काका, तुमची श्रद्धांजली आमच्याकडं बी आली. लोकांनी अप्पांच्याच फोनवर पाठवली. सकाळपून फोन वाजून राहिला."

"वाचली मी," अप्पा म्हणाले. "दोनदा वाचली. चांगली लिव्हली हाय. माझ्यावर तीन ओळी हायेत. खंजिरावर अकरा."

कोपऱ्यातला एक पाहुणा हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला. दुखवट्याच्या घरात, बघा! माधवरावानं माझ्यापासून जरा लांब सरकून घेतलं.

अप्पांनी महेशला खुणावलं. तो आतून खंजीर घेऊन आला आणि माझ्यापुढं ठेवला. तीच हिरवी मूठ, तीच तांबडी मखमल. हातमोजे माझ्या पिशवीत होते. हात पुढं होईना.

"न्या," अप्पा म्हणाले.

"अप्पा, लाजवू नका. चूक झाली. पाया पडतो."

"लाजवत न्हाई हो. मला त्याचं कधीच काही नव्हतं. तुम्ही येणार म्हणलं की सकाळपून हीच पुसत बसायची त्याला. काडीला कापूस गुंडाळून त्या घोड्याचे कान साफ करायची. म्हणायची, एवढ्या लांबून येतेत, चकाकलेला दिसावा." त्यांनी मखमलीवर बोट ठेवलं. "अन् तुम्ही लिव्हलंय, मखमल अस्सल निजामाच्या काळातली. कंट्रोलर, जुनी मखमल उंदरानं कुरतडली व्हती. हिनं लग्नातलं पोलकं उसवून नवी शिवली. म्या म्हणलं, सांगू त्यायला. तर म्हणाली, सांगू नका, त्यायचा हिरमोड हुईल."

मी हातमोजे घालून ज्याला हात लावत होतो, ते वहिनींचं पोलकं होतं.

मला वाटलं, आता अप्पा चार शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी महेशकडून वही-पेन मागवलं आणि माझ्या हातात दिलं.

"लातूरच्या पेपरात द्यायचंय. तुम्हाला लिव्हता येतं. लिव्हा हिच्यावर चार ओळी."

मी पेन उघडलं. काय लिहू? बारा वर्षं त्या घरात जेवलो. धपाटे आठवले, शेंगदाण्याची चटणी आठवली, आतून येणारा बांगड्यांचा आवाज आठवला. त्यांचं माहेर कुठलं? माहीत नाही. आजारी कधीपासून? कधी विचारलंच नाही. बरं, वरती नाव तरी टाकावं म्हटलं, तर…

"अप्पा… वहिनींचं नाव काय?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. एक अप्पाच खाली बघत होते.

"गिरिजा."

मी लिहिलं, गिरिजाबाई. पुढं लिहिलं, 'अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ.' हे शब्द मी आमच्या एका साहेबाच्या श्रद्धांजलीतही वापरले होते, आणि तो साहेब ना प्रेमळ होता ना मनमिळाऊ. पुढं पेन हलेना. अप्पांनी माझ्या हातातली वही हळूच काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या. म्या बघतो. तुम्ही चहा घ्या."

खंजीर तिथंच ठेवून आलो. परतीच्या गाडीत माधवराव लोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मग माझ्या मांडीवरच्या रिकाम्या पिशवीकडं बघून म्हणाला, "फडकं तेवढं चांगलं अंथरलं व्हतं."

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा पदरानं डोळे पुसले. ते पाणी वहिनींसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. मग उठली, फडताळातून एक वही आणली आणि माझ्यापुढं टाकली.

"हे कामून?"

"लिव्हा. माझ्यावर चार ओळी. मी हाय तवर सराव करा, चुका दुरुस्त करून देते."

बसलो. दोन तास लागले. वर तिचं नाव टाकून खाली चार ओळी लिहिल्या. तिनं चष्मा लावून वाचल्या आणि चारही खोडल्या. खोटं आहे म्हणाली.

उरलं ते वरचं नाव. त्यातलीही एक वेलांटी तिनं दुरुस्त करून दिली.