पाहुणी म्हणून ये

मी फ्लॅट घेतला तेव्हा त्यात भाडेकरू होते. जुन्या मालकांनी ही गोष्ट फ्लॅटचा गुण म्हणून सांगितली होती. "इतकी चांगली माणसं आहेत, काढायला जीव होणार नाही." मला तर त्यांना काढायचंच होतं, कारण तिथे मी राहायला जाणार होते. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, तिसरा मजला, दोन बेडरूम. बाबा एवढंच म्हणाले, "तुला तोंडावर बोलता येत नाही, निदान लिहून दे."

मी लिहून दिलं. इंग्रजीत, कारण कडक व्हायचं असलं की मला इंग्रजीच सुचतं. करार महिनाअखेरीस संपतोय, त्या दिवशी घर रिकामं करून द्यावं, असं त्यात होतं. त्याच दिवशी मी पीजीतली माझी कॉट सोडणार होते. पीजीच्या बाईंनी ती पहिल्या तारखेपासून दुसऱ्या मुलीला देऊनही टाकली होती.

भाडेकरू काकूंनी पत्र काकांकडे दिलं. काका सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अगं, ही तारीख पितृपक्षात येते," काकू म्हणाल्या. "पितृपक्षात कोणी घर बदलतं का? तुमच्या घरी कॅलेंडर नाही?"

माझ्याकडे कॅलेंडर होतं, फोनमध्ये. त्यात त्या आठवड्यात फक्त डेंटिस्ट होता.

"चालेल," मी म्हणाले. कॉट गेल्याचं मला जिना उतरताना आठवलं.

महिनाअखेरीस मी काकूंना फोन करून सांगितलं, की मला राहायला जागा नाही.

"मग ये की इकडे! आतली खोली रिकामीच आहे. फक्त गृहप्रवेश वगैरे नको हं करूस आत्ता. पाहुणी म्हणून ये. पाहुणीला पितृपक्ष नसतो."

मी दोन बॅगा आणि अर्धा डझन केळी घेऊन गेले. पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. काकांनी दार उघडलं. "या, मालकीणबाई."

सर्वपित्री अमावास्या झाली, आता हे जाणार, असं मी बाबांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर हॉलच्या कोपऱ्यात पत्रावळीवर माती पसरलेली, तिच्यात गहू पेरलेले, मधोमध घट आणि शेजारी दिवा.

"आता दसऱ्यापर्यंत हे हलवायचं नाही," काकू म्हणाल्या. "काल विचारलं होतं की तुला, इथेच बसवू का म्हणून."

विचारलं होतं. मी दात घासत होते. मान हलवली होती.

पुढचे दिवस नीट गेले. रोज घटावर एक माळ चढायची, रोज बाबा विचारायचे, "गेले का?" आणि मी सांगायची, "जातायत." खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काकूंना विचारलं, "भाची का?" काकू म्हणाल्या, "नाही हो, मालकीण." दोघी हसल्या. मीपण हसले. पाचव्या माळेला काका-काकू सिन्नरला, त्यांनी घेतलेल्या नव्या घराचा रंग बघायला गेले. नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून मी ऑफिसची मीटिंग कॅमेरा बंद करून दिव्याशेजारी बसून केली. तेल दोनदा घातलं.

दसऱ्याला घट उठले. काकूंनी चार हिरवे कोंब माझ्या केसांत खोचले. "बघ किती वाढलेत. वास्तू चांगली आहे हो तुझी." मग श्रीखंड वाढता वाढता म्हणाल्या, "मी काय म्हणते, आता दिवाळीपर्यंत थांबतो आम्ही. फराळ इथेच करू. काय गं?"

"नाही, काकू."

आवाज ठरवला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. काकांनी पुरी खाली ठेवली. आता बोलायला सुरुवात झालीच होती, म्हणून मी वाक्य पूर्ण केलं. "मला या घरात एकटीला राहायचंय. आजपासून."

काकूंनी वाढायचा चमचा श्रीखंडात रोवला.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं! तिकडचा रंग सहाव्या माळेलाच वाळला. मला वाटलं, एकटी पोर, तोंडातून शब्द फुटत नाही, हिला अशी टाकून कशी जाऊ? दिवाळीपर्यंत जरा रुळेल."

"मी रोज सिन्नर-नाशिक करतोय तुझ्या सोबतीसाठी," काका म्हणाले. ते सहा वर्षं करत होते.

दसरा असल्यामुळे मुहूर्त बघावा लागला नाही. दुपारी टेम्पो आला, त्याला झेंडूचा हार होताच. पाच वाजेपर्यंत घर रिकामं झालं. पत्रात लिहिलं होतं अगदी तसं. हॉलच्या कोपऱ्यात फरशीवर तेलाचा एक गोल डाग तेवढा राहिला. मी दाराशी निरोप द्यायला उभी होते.

"तू बाहेर ये आधी," काकू म्हणाल्या. मी बाहेर आले. त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या, उंबऱ्यावर वाटीभर तांदूळ ठेवले. "उजव्या पायाने वाटी लवंडायची. आता पाहुणी नाहीस."

मी वाटी लवंडली आणि आत गेले. काकूंनी बाहेरून दार ओढून घेतलं.

लगेच कडी लावणं बरं दिसलं नसतं. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग लावली.