ऑर्केस्ट्रा घरात आला, मला दिसला न्हाय

आमच्या गल्लीच्या तोंडाला कट्टा हाय. संध्याकाळी शिरोलीच्या फौंड्रीची पाळी सुटली की आमचं मालक, म्हंजे माझा नवरा, आन् त्यांचं दोस्त तितं बसत्यात, आन् हल्ली त्यांचा एकच विषय असतोय. कुठला ऑर्केस्ट्रा बंद पडला, कुठल्या गायकानं गाणं सोडलं, आन् आपलं बघायचं कसं ऱ्हाऊन गेलं. एक म्हणतोय, मी सांगलीला निघालोवतो, वाटंत गाडी पंक्चर झाली. दुसरा म्हणतोय, त्या दिवशी मॅच हुती म्हणून गेलो न्हाय, आता जीव जळतोय. मी तितंच नळावर पाणी भरत असतो, पोरगी पदराला लोंबत असत्या, आन् हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड हुतोय. तुमची गाडी पंक्चर झाली. तुमची मॅच हुती. तुमास्नी कुणी धरून ठिवलंवतं काय? ऱ्हाऊन गेलं म्हणं.

मी आठवीतनं शाळा सोडल्या, आन् आमच्याकडं बाया बी आलो-गेलो म्हणत्यात तसंच लिवतोय. लिवायची सवय न्हाय, आन् पोरगी उठायच्या आत लिवून व्हायला पायजे म्हणून दम न घेता लिवतोय. ह्यांनी वाचलं तर काय म्हणतील ही बी भीती हायच. पण लिवतो.

माझं माहेर कबनूर. सगळीकडं कापडाचे माग. माग चालू असले की घरातल्या घरात वरडून बोलाय लागतंय. शाळा सुटल्यावर मी कांड्या भराय बसलो, म्हंजे मागाच्या धोट्यात जी सुताची गुंडाळी बसत्या ती मशिनीवर भरायची. हप्त्याला एक दिवस माग बंद असायचे, तवा कान मोकळे. त्या दिवशी मी भावाची कॅसेट लावायचो.

ती कॅसेट दुकानातली न्हवती. गावच्या गणपतीत एक ऑर्केस्ट्रा आलता, भावानं टेपरेकॉर्डर नेऊन साऊंडच्या बॉक्सपाशी ठिवला आन् सगळा कार्यक्रम भरून आणला. मी बी येतो म्हणालोवतो. वडील म्हणाले, "पोरींनी जायचं न्हाय तितं, पोरं शिट्ट्या मारत्यात."

मी म्हणालो, "मग शिट्ट्या मारणाऱ्यास्नी घरात बसवा की."

मी कांड्याची पाटी उचलून आत गेलो.

त्या ऑर्केस्ट्रात एक गायक हुता, गडीमाणूसच, पण दोन्ही आवाजात गायचा. बाप्याचं कडवं बाप्याच्या आवाजात, लगेच बाईचं कडवं बाईच्या. कॅसेटवर ऐकलं तर खोटं वाटायचं न्हाय, दोन माणसं उभी हायत असंच वाटायचं. मधीच कुणीतरी वरडायचं, सायकल काढा ओ, कुणाचं तरी पोर रडायचं, ते सगळं मला पाठ. आन् एका गाण्यात अशी जागा हुती की बाईचं कडवं सुरू व्हायचं तितं वाजाप एकदम थांबतंय. कोण गात न्हाय, कोण बोलत न्हाय. थोडा येळ काय बी न्हाय. आन् मग सगळं गाव हसतंय. असं हसतंय की टेप फाटल्यागत आवाज येतोय. आन् परत गाणं सुरू.

त्यानं तितं काहीतरी केलंवतं. कॅसेटवर ते दिसत न्हाय. मी भावाला इचारलं, "हितं काय केलं त्यानं?"

"कुठं?"

परत लावून दाखवलं.

"असंल काय तर."

"तू म्होरंच बसलावतास की."

"मी शेंगा खाईत हुतो," भाऊ म्हणाला.

म्हंजे बघा. ज्याला बघाय मिळालं त्यो शेंगा खातोय, आन् मी वर्सानुवर्सं त्या एका जागंवर येऊन कान लावून बसतोय.

लगीन होऊन कोल्हापुरात आलो. चारदोन महिन्यांनी कळलं की आमच्या मालकांनी त्योच ऑर्केस्ट्रा कितीतरी बारीला बघितलाय. मला किती आनंद झाला सांगू, वाटलं चला, आता तरी कळंल. भाकरी थापता थापता इचारलं, "त्यो त्या गाण्यात मधीच थांबतोय, तितं काय करतोय ओ?"

"लई भारी करतोय."

"म्हंजे काय करतोय?"

"ते सांगून कळत न्हाय. बघाय पायजे."

"मग दावा."

"दावतो की. ह्या गणपतीत आपल्या मंडळात त्योच आणणार हाय मी."

आन् खरंच आणला. बोलल्यागत वागले, त्यात खोट न्हाय. पण गणपती आला तवा मी बाळंतीण. आई माझी आधीच गेलती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आमच्या सासूबाईंचा नेम असा की सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा न्हाय. आतल्या खोलीत बाज, खाली शेगडी, ओव्याची धुरी, आन् कानाला गच्च स्कार्फ. कानात वारं गेलं तर डोक्यात शिरतंय. त्यांच्या माहेरात कुणाची तरी सून अशीच येडी झाली, विहिरीच्या काठाला जाऊन बसायची, हे मला रोज सांगायच्या. मी खरंच भ्यालोवतो. पयलंच पोर. झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचो. माझ्या डोक्यात वारं गेलं आन् तिला कुणी बघितलं न्हाय तर, ह्या भीतीनं स्कार्फ मीच आवळून घ्यायचो.

तरी बी धीर करून इचारलं, "आत्ती, दाराच्या आतनं बघू काय? पोरीला कापडात गुंडाळतो."

"सव्वा महिना हू दे."

"त्यो परत यायचा न्हाय ओ."

"ऑर्केस्ट्रा परत येतोय. डोकं परत येत न्हाय," सासूबाई म्हणाल्या, आन् शेगडीत निखारं घालाय गेल्या.

वर मंडळानं स्टेज कुठं घालावं? आमच्या घराला पाठ लावून. म्हंजे आमच्या खिडकीतनं दिसतंय स्टेजच्या मागं बांधलेलं नुसतं गोणपाटाचं तरट. आन् कलाकारांनी कपडं बदलायचं कुठं, तर आमच्याच सोप्यात, भाईरच्या खोलीत. ह्यांनीच घर दिलं. सांजच्याला हसत आत आले, "अगं, आपल्याच घरात उतरणार हायत," जशी काय मला पैठणीच आणल्या.

ती माणसं आली. सोप्याच्या आन् माझ्या मधी एक जुन्या लुगड्याचा पडदा. पेट्या ठिवल्याचा आवाज, पावडरीचा वास, कोण तर बाई हसत्या, कोण गुळण्या करतंय. आन् एक आवाज आला, "मावशी, कोमट पाणी मिळंल काय?"

आवाज घोगरा, साधा. पण मी वळखला. कसा न वळखीन? जागंवरनं उठलो. टाके वढत हुते तरी उठलो, पडद्याला हात लावला, आता नुसतं दोन बोटं बाजूला सारायचं. आन् माझी पोरगी रडली.

"आत बाळ हाय व्हय?" त्यानं इचारलं.

"सून बाळंतीण हाय," सासूबाई म्हणाल्या.

"अवो मावशी, आधी सांगायचं न्हाय व्हय? चला रे, पेट्या उचला. बाळंतिणीच्या घरात असा गोंधळ बरा न्हवं."

"बसा की ओ, काय हुत न्हाय."

"न्हाय न्हाय. आम्ही टेम्पोमागं बदलतो कपडं."

आन् गेली सगळी. मी पडदा सारला तवा सोप्यात काय बी न्हवतं. फरशीवर पांढरी पावडर सांडलीवती आन् पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. पाणी बी प्याला न्हाय. सासूबाई दारातनं वळल्या आन् म्हणाल्या, "लई संस्कारी माणूस."

मला सांगा, आता भांडायचं कुणासंगट? सासू माझ्या भल्यासाठी बांधून घालत्या. नवरा माझ्यासाठी ऑर्केस्ट्रा आणतोय. गायक माझ्यासाठी घरातनं निघून जातोय. सगळ्यांनी माझं चांगलंच केलं, आन् सगळ्यांच्या चांगुलपणात माझ्या वाट्याला आलं तरट. मला एकानं बी इचारलं न्हाय, बाई, तुला काय पायजे.

कार्यक्रम सुरू झाला. सासूबाई म्होरल्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाठीमागनं गाणं नीट ऐकू येत न्हाय, बॉक्सची तोंडं तिकडं, हिकडं नुसता दणका. मांडणीवरची भांडी थरथराय लागली. त्या दणक्यानं पोरगी उठंल म्हणून तिच्या कानावर हात धरला, आन् माझ्या कानाचा स्कार्फ सोडला. भीती वाटत हुती. खरंच वाटत हुती. आता वारं जाईल, आता काय तर हुईल. तरी सोडला, आन् भिंतीला कान लावला.

ते गाणं आलं. बाप्याचं कडवं झालं. वाजाप थांबलं. भिंतीपलीकडं चार हातांवर त्यो हुता, त्या घडीला काहीतरी करत हुता, आन् सगळ्या गल्लीला ते दिसत हुतं, शेंबडी पोरं बी बघत हुती. मग हसू फुटलं. कॅसेटवरचंच हसू, पण असं मोठं की भिंतीला हादरा बसला. त्यात आमच्या सासूबाईंचं हसणं मी वेगळं वळखलं.

मधल्या येळंत सासूबाई पोरगीला बघाय आत आल्या. डोळं पुसत हुत्या.

"आत्ती, काय केलं ओ त्यानं?"

"अगं बाई, मेला काय करतोय..." आन् परत हसाय लागल्या. पोट धरून बाजेवर बसल्या.

"पर काय करतोय?"

"ते सांगून न्हाय कळायचं. बघायलाच पायजे," त्या म्हणाल्या, आन् माझा सुटलेला स्कार्फ दिसला तशा उठून गच्च गाठ मारली.

त्यानंतर डीजे आला. मंडळाच्या पोरांस्नी ऑर्केस्ट्रा जुनाट वाटाय लागला, आन् दोन-तीन गणपतीतच ती ऑर्केस्ट्राची मंडळी फुटली. मला ते कट्ट्यावरच्या हळहळीतनं कळलं. पुढं एक दिवस आमचं मालक जेवताना म्हणाले, "त्यो दोन आवाजाचा गडी आमच्या फौंड्रीत लागलाय. माल मोजून घेतोय."

मी घास खाली ठिवला. "कवापास्नं?"

"झालं की चार-सहा महिने."

"आन् मला आत्ता सांगतासा?"

"तुला कशाला पायजे?"

तवा मात्र माझं तोंड सुटलं. कबनूरपास्नं सगळं काढलं. सासूबाई जपाची माळ घेऊन देवाफुडं बसल्यावत्या, त्यांच्याम्होरंच. मालक घाबरलेच जरा. म्हणाले, "मग आधी बोलायचं की गं. आणतो त्याला घरी सुट्टीच्या दिवशी."

आधी बोलायचं म्हणं.

आणलं त्यांनी त्याला. दुपारचा आला. कंपनीचा निळा शर्ट, केस गेलेले, भट्टीच्या धुरानं खोकत हुता. खुर्चीच्या टोकावर बसला. माझी पोरगी माझ्या मागं दडली. मी चहा दिला आन् मला कळंना की मी ह्या माणसाकडं का बघत न्हाय. नजर वर जाईना. मला ह्यो माणूस बघायचाच न्हवता. मला त्यो तितं बघायचा हुता, लाईटीत, माणसांच्या गर्दीत.

मालक म्हणाले, "म्हणा की एक गाणं. हिची लई इच्छा हाय."

त्यानं घसा खाकरला, तर परत खोकलाच आला. मला त्याची दया आली आन् ह्यांचा राग आला. "गाणं नको," मी म्हणालो. "एकच इचारायचं हाय." आन् ती जागा सांगितली. वाजाप थांबतंय, आन् सगळी हसत्यात.

तवा त्यो पयल्यांदा हसला. "ते व्हय?" कप खाली ठिवला, उठला, भिंतीकडं पाठ करून हुबा ऱ्हायला. खांदं मागं घेतलं. एक हात हळूहळू वर नेला. माझी पोरगी माझ्या मागनं डोकं काढून बघाय लागली. मी पापणी लववली न्हाय.

हात तसाच ऱ्हायला वरच्या वर. मग त्यानं खाली घेतला.

"न्हाय ओ वैनी. त्याला म्होरं माणसं लागत्यात. ती कवा हसायची ते बघून मी पुढचं करायचो. दोघा-तिघांत नुसतं येड्यागत दिसंल." बसला. "तुम्ही आला न्हाईसा कवा कार्यक्रमाला?"

"तुमचा कार्यक्रम झाला तवा मी ह्याच घरात हुतो. पडद्याच्या आत. बाळ रडलं म्हणून तुम्ही गेलासा."

त्यानं पोरगीकडं बघितलं. कुठलं घर ते ध्यानात यायला जरा येळ लागला. "मग हाक मारायची न्हाय व्हय वैनी?"

"मारली असती तर तुम्ही आत आला असता? बाळंतिणीच्या खोलीत?"

त्यानं इचार केला. "न्हाय आलो असतो," म्हणाला. खोटं बोलला न्हाय, येवढंच बरं वाटलं.

त्यो गेल्यावर मालक दार लावून आले, हात पुसत, एक काम निपटल्यागत. "झालं न्हवं समाधान? घरात आणून दावला. आता कुणाला सांगू नको बघाय मिळालं न्हाय म्हणून."

"मिळालंच न्हाय," मी म्हणालो. "इचारंल त्याला सांगणार."

ते कट्ट्यावर गेले. मी कप विसळाय घेतलं.