पहिल्या रांगेतला प्रॉम्प्टर

बोरतळ्याच्या यात्रेची पत्रिका आली की माणूस आधी काय शोधत असेल, तर स्वतःचं नाव. देवाचं नाव वर असतंच, ते कुठं पळून जात नाही. यंदाही शेवगावहून पत्रिकांचा गठ्ठा दुपारच्या एसटीनं उतरला आणि तासाभरात घरोघर पोचला. पहिल्या दिवशी काठीची मिरवणूक आणि शेरणीचा प्रसाद, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा, मग शाळेतल्या पोरींचं लेझीम, आणि संध्याकाळी ठीक सात वाजता गावच्या हौशी कलाकारांचं तीन अंकी कौटुंबिक नाटक 'उंबरठ्याची आण'.

राधाकृष्ण टेलरनं शिलाई मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि नाटकाच्या चौकटीवर बोट ठेवून तो एकेक ओळ खाली यायला लागला. दिग्दर्शक नितीन सर. मग नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा. चहापाणी बघणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. प्रॉम्प्टर हा शब्दच नव्हता. त्यानं पत्रिका उलटी केली. मागं खताच्या दुकानाची जाहिरात.

"अवं, हे काय हितं," त्याची बायको मालनबाई खांद्यावरून वाकून म्हणाली. "केवढं मोठं छापलंय. 'प्रमुख उपस्थिती, श्री. राधाकृष्ण टेलर.' सरपंचाच्या खालीच की!"

"उपस्थिती?" टेलर पत्रिकेकडं बघतच राहिला. "म्हंजी पाव्हना? आपल्याच गावात?"

आता हा माणूस एवढा का दुखावला, ते सांगितलं पाहिजे. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत, पडद्याआड बसून नटांना हळूच पुढचं वाक्य पुरवणारा. बाकीच्या गावांत तो अडीअडचणीला असतो. बोरतळ्याचं तसं नव्हतं. बोरतळ्याचे नट पाठांतर करतच नसत. दिवसभर उसाला पाणी द्यायचं, डेअरीला दूध घालायचं आणि वर पाठांतर? कशापायी? टेलर आहे की! टेलरनं विंगेतून वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द सोडले की नटाची गाडी आपोआप सुटायची. एकतीस वर्षं हे चाललं होतं. एकतीस वर्षांत गावानं टाळ्या नटांना वाजवल्या, पण नाटक बोलायचा तो हा टेलर, एका लाकडी खोक्यावर बसून, मांडीवर वही घेऊन.

घात केला तो गेल्या वर्षीच्या माइकनं. नवीन साउंडवाल्यानं वरून असले माइक टांगले, की स्टेजवर पाल चुकचुकली तरी गावभर ऐकू जावी. मग काय, प्रत्येक वाक्य दोनदा! आधी टेलरचा घोगरा आवाज, मागून नायिकेचा नाजूक. तरी लोकांनी दम धरला. पण नायिकेचा बाप मेला, ती प्रेताशेजारी नुसतीच उभी, आणि चारही कर्ण्यांतून आवाज आला, "रड आता. रड की गं! पदर लाव डोळ्याला!" मांडव असा हसला, की प्रेतसुद्धा हसायला लागलं. पुढं चार महिने गावात कुणी तोंड पाडून बसलं की पोरं ओरडायची, "रड की गं!"

त्यामुळं नितीन सरांनी यंदा फर्मान काढलं होतं: पाठांतर करायचं, प्रॉम्प्टर नाही. आणि टेलरला वाईट वाटू नये म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची, शाल आणि नारळ. पोरगा तसा भला. संध्याकाळी स्वतः दुकानात आला.

"अण्णा, राग मानू नका. तुमचा मान कमी केला नाही, वाढवलाय."

"मान कशाला वाढवला? मी काय तुला मान मागितला हुता?" टेलर काजं करता करता म्हणाला. "खोकं हाय, वही हाय, मी हाय. आवाज आणखी बारीक करतो पाहिजे तर."

"माइक तोही ओढतील, अण्णा."

"मग माइक कमी कर! माणूस काय कमी करतो?"

नितीन खाली मान घालून चहा प्याला आणि गेला. टेलरला लगेच वाईट वाटलं, कारण याच पोराच्या पहिलीच्या खाकी चड्ड्या त्यानं शिवल्या होत्या. पण वाईट वाटलं म्हणून राग थोडाच जातो? त्यानं जाहीर करून टाकलं की यात्रेच्या दिवशी तो नेवाशाला मेव्हण्याकडं जाणार.

"जावा की," मालनबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "मी जाते पुढच्या खुर्चीवर. लग्नाला तीस वर्सं झाली, एकदा तरी माझ्या शेजारी बसून नाटक बघितलंय का? आत काळोखात बसायचं आन् घरी येऊन मलाच इचारायचं, कसं झालं, कसं झालं."

 टेलरनं भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुकानात आला रंभाजी. हा रंभाजी म्हणजे नितीन सरांचा बाप आणि टेलरचा शाळेपासूनचा दोस्त. शुगर फॅक्टरीत वॉचमन म्हणून रिटायर झाला. घरचे बौद्ध, यात्रेच्या देवाशी त्याचं देणं-घेणं नाही; देवळाकडं तो फिरकत नसे, पण यात्रेच्या नाटकाचा मांडव त्याच्यावाचून उभा राहत नसे. 'उंबरठ्याची आण' आजवर सात वेळा झालं आणि सातही वेळा म्हातारा बाप हाच. मिशी अशी, की मेकअपवाल्याला काम नाही.

"जयभीम टेलर," म्हणत तो बाकड्यावर बसला आणि लगेच कुजबुजायला लागला. "मेलो रं मी. पोरगा घरात रोज पाठांतर घेतो. सुनंच्या देखत! दोन अंक कसंबसं बसलं. तिसऱ्या अंकातलं ते मोठं भाषान न्हाई बसत बग. 'हे कुलांगारा' म्हनतो आन् पुढं नुसता अंधार."

"अकरा ओळी हायेत," टेलर म्हणाला. त्याला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला.

"तू नेवाशाला चाललास म्हनं. जाऊ नगंस. त्या पाव्हन्याच्या खुर्चीवर बस. आवाज काढू नगंस, फकस्त व्हट हालीव. माझी नजर अजून घारीवानी हाय, मी बरोबर वाचतो. नित्याला कळायचं न्हाई."

बघा, माणूस किती लवकर बदलतो! शाल नको, मान नको म्हणणारा टेलर त्याच दिवशी धुतलेला सदरा इस्त्री करायला बसला. त्याला नवी विंग मिळाली होती, तीही भर मांडवात. आठवडाभर तो आरशासमोर ओठ हलवायचा सराव करत होता. मालनबाईला वाटलं, दाढ दुखतेय.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी हगामा आटोपला, लेझीम झालं, आणि पोलिसांची परवानगी दहापर्यंतच म्हणून नाटक खरोखर सातला सुरू झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला. टेलर पहिल्या रांगेत मधोमध, शेजारी जरीच्या पदराची मालनबाई. पडदा वर गेला आणि टेलरनं ओठांचं काम चालू केलं. रंभाजी दर वाक्याला त्याच्याकडं एक नजर टाकायचा आणि सुटायचा. झकास चाललं होतं.

"अवं, काय पुटपुटताय?" मालनबाईनं कोपर मारलं. "माळ वढताय का?"

"गप गं."

पण एक गोष्ट टेलरच्या ध्यानात यायला लागली होती. विंगेत त्याला रंभाजीचा काय तो एक कान दिसायचा, आणि पाठ. इथं तोंड दिसत होतं. आपण पुरवलेला शब्द त्या तोंडावर पोचतो आणि मग तिथं काहीतरी होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पहिल्या अंकात बाप लेकाला घराबाहेर काढतो, "पुन्हा या उंबरठ्यावर पाऊल ठेवशील तर तुला तुझ्या आईची आण आहे" म्हणतो. हे वाक्य टेलरनं सात प्रयोगांत विंगेतून सोडलं होतं, तालमी वेगळ्याच. ते बोलताना रंभाजीचा खालचा ओठ थरथरतो, हे त्याला आज कळलं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी वहीत एक कंस होता: बाप एकटाच, थोडा वेळ जातो. या कंसात टेलर दरवेळी पाणी प्यायचा आणि पान उलटायचा. आज त्यानं पाहिलं की त्या थोड्या वेळात रंभाजी खुंटीवरचा लेकाचा सदरा काढतो, झटकतो, उगाच घडी करतो, घडी मोडतो आणि पुन्हा खुंटीला लावतो. मग लावलेला सदरा हातानं जरा सरळ करतो. एवढंच. मांडवात तान्हं पोरसुद्धा रडत नव्हतं.

"दर बारीला असंच करतात," मालनबाई हळूच म्हणाली आणि तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमाला म्हाईत न्हाई?"

टेलरला माहीत नव्हतं. त्याचे ओठ तेव्हा जे थांबले ते थांबलेच.

तिसरा अंक. लेक परत येतो. लेकाचं काम शेवगाव डेपोतला कंडक्टर महेंद्र करत होता, अंगानं बारीक, केस विस्कटलेले. तो उंबरठ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी आलो." आता इथं ते भाषण. गावच्या एका कैलासवासी हेडमास्तरांनी लिहिलेल्या अकरा ओळी, त्यांत कुलाची अब्रू, सूर्य, चंद्र आणि पूर्वज, सगळं आलं होतं. रंभाजीनं तोंड उघडलं.

"हे..." म्हणाला, आणि थांबला.

त्यानं टेलरकडं बघितलं. टेलर त्याच्याकडं बघत होता. रंभाजीनं भुवया उडवल्या. टेलर तसाच, खुर्चीच्या कडेला सरकलेला, शाल खाली पडलेली, तोंड उघडं, डोळे भरलेले.

मागच्या रांगेत चुळबुळ झाली. सरपंच वाकले आणि कुजबुजले, "टेलरअण्णा, अडला वाटतं त्यो. सांगा की पुढचं." विंगेतून नितीन सरांनी डोकं बाहेर काढलं आणि तोही हातवारे करायला लागला. ज्या पोरानं प्रॉम्प्टर काढून टाकला, तोच प्रॉम्प्टरकडं हात जोडून बघत होता.

"गप बसा हो," टेलर सरपंचांना म्हणाला. "बघू द्या."

रंभाजीला कुठूनच काही मिळेना. तो महेंद्रकडं वळला. दोन पावलं पुढं आला, आणखी एक आला. त्यानं लेकाच्या धुळीनं माखलेल्या पायांकडं बघितलं, मग वर तोंडाकडं.

"जेवलास का रं?" तो म्हणाला.

हे वहीत नव्हतं. कुठल्याच नाटकाच्या वहीत नसेल. महेंद्रला पुढचं काय बोलायचं ते सुचेना, कारण त्याचं वाक्य त्या अकरा ओळींनंतर होतं. तो उंबरठ्यावर मटकन बसला आणि त्यानं नुसती मान हलवली: नाही. मांडवातून आधी एका बाईचा हुंदका आला, मग कुठून कुठून यायला लागले. पडदा ओढणाऱ्याच्या मनात काय आलं कोण जाणे, नाटकाची चार पानं बाकी असताना त्यानं पडदा ओढून टाकला. आणि मग टाळ्या! अशा टाळ्या बोरतळ्यात हगाम्यालासुद्धा पडल्या नव्हत्या.

नितीन सर धावतच खाली आला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. "अण्णा, माझं चुकलं. पुढच्या वर्षीपासून तुम्ही विंगेतच. माइकचं काय करायचं ते मी बघतो."

हे ऐकायला टेलर पत्रिका आल्यापासून झुरला होता. पण त्यानं नुसता हात हलवला. "नगं," तो म्हणाला आणि पडलेली शाल उचलायला वाकला.

तेवढ्यात मिशीवर पावडर, गालावर घामाचे ओघळ, असा रंभाजी माणसांना ढकलत पुढं आला. लोक पाठ थोपटत होते, त्याचं लक्षच नव्हतं. तो कावला होता आणि शरमलाही होता.

"टेलरा, दगा दिलास की रं! तुझ्या तोंडाकडं बघतोय, बघतोय, तर तू आ वासून बसलेला. पार अकरा वळी गेल्या माझ्या. का न्हाई सांगितलंस?"

टेलरनं त्याचे दोन्ही हात धरले. 

"मलाबी आठवंना रं," तो म्हणाला. "मी नाटक बघत हुतो."