पोराचा निरोप
नव्व्याण्णव साली सांगलीतल्या आमच्या गल्लीत पहिला मोबाईल शेजारच्या घरी आला. शेजाऱ्याचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप. हाताला कायम ऑइलचा वास, मोबाईल मात्र स्वच्छ रुमालात गुंडाळलेला. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून पुण्याहून माझा मुलगा त्याच्याच मोबाईलवर मेसेज करायचा. मग हा फाटकातूनच ओरडायचा, "आवं सर, पोराचा निरोप हाय!" चपला काढून आत यायचा आणि मोबाईल छातीशी उलटा धरून सांगायचा, "औषध येळंवर घ्या म्हणतंय. लय आठवण येती म्हणतंय."

मी फुशारून म्हणायचो, "संस्कार लागतात रे त्याला."

"व्हय की," तो म्हणायचा.

गौरीच्या आदल्या दिवशी तो माझ्या शेजारीच बसला होता, तेव्हा मेसेज वाजला. पेपर वाचत असल्यामुळे माझ्या डोळ्यांवर चष्मा होता. त्याच्या खांद्यावरून मला पडद्यावरचं सगळं दिसलं. 'नॉट कमिंग. टेल देम.' एवढंच.

त्यानं मोबाईल छातीशी धरला आणि म्हणाला, "सर, रजाच मिळंना म्हणतंय. आईच्या हातच्या पुरणपोळीची लय आठवण येती म्हणतंय."

मी पेपर तोंडासमोर धरला. संस्कारांचं ते वाक्य मी नेमकं त्यालाच किती वेळा ऐकवलं होतं!