फौजी नानांचा गॉगल

ऐन पौषात, सकाळी सकाळी काळा गॉगल लावून दूध आणायला जाणारा माणूस आमच्या शिंदखेड्यात एकच. फौजी नाना. लोक त्यांना हिरो म्हणत, नाना मिशीत हसत. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यांनी लडाखच्या बर्फात काढली होती आणि तिथल्या उन्हाचा धाक काही त्यांच्या मनातून गेला नव्हता.

आमची लडाखची सहल ठरली तेव्हा भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, न्यायची मला धास्ती होती. बैलाचं शिंग लागून त्यांचा एक डोळा केव्हाच गेलेला. उरलेल्यावर सगळी भिस्त. शेजारच्या नानांनी ऐकलं नि म्हणाले, "मी येसू ना संगे." त्यांनाही आपली जुनी चौकी एकदा बघायची होती. वाटभर दुसरा विषय नव्हता.

तिथे रोज निघण्याआधी नाना सगळ्यांना अंगणात उभं करून गॉगल घालायला नि क्रीम फासायला लावत. "नाकना खाले बी लाव. बरफवरनं ऊन खालतून बी येस."

"चैत-बैसाखमा वावरमा राबेल मी," भाऊ कुरकुरत. "मले हाई ऊन काय करी?" मे महिना सोसला की जगातल्या सगळ्या उन्हाला आपण पुरून उरलो, ही आम्हा खानदेशी माणसांची घमेंडच. त्यात तिथे गारठा, वर ढग. वाटेतल्या चहाच्या टपरीवर भाऊंनी गॉगल काढून ठेवला तो तिथेच राहिला. कळलं तेव्हा आम्ही खिंडीत पोचलो होतो आणि चहूकडे बर्फ होतं. भाऊंचा डोळा पाणावू लागला.

नानांनी आपला गॉगल भाऊंना चढवला आणि स्वतःच्या गळ्यातला मोठा बागायती रुमाल डोळ्यांवरून घट्ट बांधला. मी माझा देऊ लागले तर म्हणाले, "राहू दे बेटा. मन्हं बठ्ठं देखेल शे." सगळं पाहिलेलं होतं म्हणे त्यांनी.

मग भाऊंचा हात धरून विचारलं, "भाऊ, काय दिसी राहिनं?"

भाऊ एकेक डोंगर सांगत गेले. एका सुळक्याचं वर्णन आलं तशी नानांनी त्यांना थांबवलं. त्याच्याच खाली नानांची जुनी चौकी होती. भाऊंचा डोळा शाबूत राहिला तो त्या माणसामुळे, हे मी जन्मभर विसरणार नाही.

गेल्या वर्षी नाना धुळ्याच्या दवाखान्यात होते. शेवटी डोळे उघडेनात. भाऊ उशाशी बसून होते. नानांनी हळूच विचारलं, "भाऊ, काय दिसी राहिनं?"

खिडकीबाहेर रिक्षा उभ्या होत्या आणि उसाचा रस काढणारा होता. भाऊंनी त्यांचा हात हातात घेतला आणि त्या सुळक्यापासून सांगायला सुरुवात केली.